उतारवयातले बिऱ्हाड

यंदाच्या अंकासाठी अमेरिकेच्या प्रवासावर काहीतरी लिहून द्या, असा निरोप घेऊन संपादक मंडळातल्या दोन विद्यार्थिनी घरी आल्या, तेव्हा मी थोडी अडखळलेच. या महाविद्यालयात ३२ वर्षे मराठी शिकवताना प्रवासवर्णनाचे तास मी कितीतरी घेतले. पण स्वतःचे प्रवासवर्णन लिहावे इतका प्रवास माझ्या हातून घडलेला नाही. २०२३ च्या मे महिन्यात मी आणि माझे यजमान मुलाकडे अमेरिकेतील यूटा राज्यात गेलो आणि ऑक्टोबरात परत आलो. त्यातले बहुतेक दिवस एका घरात आणि एका रस्त्यावर गेले. पाहण्याजोगी स्थळे पाहिली, पण ती तुम्हांला चित्रांतही दिसतील. मला सांगायचे आहे ते रस्त्यापलीकडच्या घरातील एका जोडप्याविषयी, आणि त्यांच्या निमित्ताने एका प्रश्नाविषयी. सत्तरीच्या उंबरठ्यावर माणूस परक्या देशात बिऱ्हाड कसे मांडतो? हा प्रश्न मला पुस्तकी नव्हता. मुलगा तिकडचा नागरिक झाला आहे. "आता तुम्ही दोघे कायमचे इकडेच या" असे त्याचे म्हणणे होते, आणि परत निघण्यापूर्वी त्याला उत्तर द्यायचे होते.

पहिला महिना आम्ही कसा काढला ते आधी सांगते. घरात कशाची वाण नव्हती. आमच्यासाठी वेगळी खोली, फडताळात तुरीची डाळ, पोहे, गोडा मसालासुद्धा. मुलगा आणि सून सकाळी कामावर जात, नात शाळेत जाई. मागे उरायचे आम्ही दोघे आणि फ्रिजचा आवाज. मोटार चालवता येत नाही म्हणून कुठे जाणे नाही. रस्त्यावर पायी चालणारे माणूस दिसत नाही म्हणून कोणाशी बोलणे नाही. भांडी घासायला उभी राहिले की सून प्रेमाने हात धरून बाजूला करी. "आई, तुम्ही बसा, मशीन आहे." यजमानांची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात, नीरा डाव्या कालव्यावर गेली. उन्हातान्हात सायकलवरून चाऱ्या तपासत हिंडलेले ते गृहस्थ आता सोफ्यावर बसून असत. भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्यांनी रोज एक फुली मारायला सुरुवात केली, तेव्हा मला त्यांची काळजी वाटू लागली. मुलाने विचारले की मात्र आम्ही दोघेही "छान चाललंय" एवढेच म्हणत असू.

जूनच्या पहिल्या आठवड्यात समोरच्या घरातील बाई दारात आल्या. वय ७१, आखूड कापलेले पांढरे केस. त्यांनी आधी नमस्कार केला, माझी प्रकृती विचारली, घरातल्या सगळ्यांची विचारपूस केली, रात्री झोप लागते का तेही विचारले आणि मग येण्याचे कारण सांगितले. अमेरिकन माणूस पहिल्या वाक्यालाच मुद्द्यावर येतो असे मी ऐकून होते. ही रीत मला आपल्याकडची वाटली. ती त्या पश्चिम आफ्रिकेतील घाना देशात शिकून आल्या होत्या, हे पुढे कळले. शनिवारी आम्हांला त्यांच्याकडे जेवायचे आमंत्रण होते.

आम्ही शाकाहारी म्हणून बाईंनी भुईमुगाच्या दाण्यांचे घानाचे सूप कोंबडी न घालता केले होते. पहिला घोट घेतला आणि यजमानांनी माझ्याकडे पाहिले. ही तर आपली उपासाची दाण्याची आमटी! जिरे आणि आमसूल नव्हते, टोमॅटो आणि आले होते, एवढाच काय तो फरक. यूटातल्या बाईने आफ्रिकेची आमटी वाढावी आणि ती आपल्या एकादशीची निघावी, याचे आम्हां चौघांनाही हसू आले. त्या दिवसापासून जाणेयेणे सुरू झाले.

त्यांची खरी नावे मी इथे देत नाही. घानातील लोकांनी त्यांना दिलेली नावेच वापरते. तिकडच्या अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मते त्या वाराचे नाव त्याला मिळते. शुक्रवारी जन्मलेला मुलगा कोफी, शनिवारी जन्मलेला क्वामे. घानाचे पहिले पंतप्रधान क्वामे एन्क्रुमा आणि संयुक्त राष्ट्रसंघाचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांची नावे आपण अभ्यासक्रमात वाचतो. त्यांचा जन्मवार आपण त्याबरोबर वाचत असतो हे मला या वयात समजले. आपल्याकडे डोंगरकपारीच्या पाड्यांवर सोम्या, मंगळ्या, बुधी अशी नावे ठेवतात, तसाच हा प्रकार. आमच्या शेजाऱ्यांना आपला जन्मवारच ठाऊक नव्हता. तो शोधून काढला तेव्हा बाई मंगळवारच्या म्हणून अबेना झाल्या आणि त्यांचे यजमान गुरुवारचे म्हणून याव. मी त्यांना अबेनाबाई आणि यावसाहेब म्हणते.

ही मंडळी घानाला कशासाठी गेली होती? यूटा हे मॉर्मन लोकांचे राज्य. 'चर्च ऑफ जीझस ख्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे त्यांच्या पंथाचे पूर्ण नाव. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी तो स्थापन केला, आणि ब्रिगहॅम यंग यांच्या मागोमाग या लोकांनी १८४७ साली यूटाच्या ओसाड दरीत वस्ती केली. पंथातील तरुण मुलगे १८ व्या वर्षापासून दोन वर्षे आणि मुली दीड वर्ष मिशनरी म्हणून जातात, हे पुष्कळांना ठाऊक असते. कमी ठाऊक असलेली गोष्ट अशी की, मुलेबाळे मार्गी लागलेली, नोकरीतून मोकळी झालेली जोडपीही अशीच जातात. मुदत सहा महिन्यांपासून तेवीस महिन्यांपर्यंत. पगार नाही, राहण्याजेवण्याचा खर्च मुख्यतः पदरचा. आवडनिवड कळवता येते, पण कुठे जायचे हे शेवटी बोलावणे येईल त्यावर. प्रकृतीची तपासणी होते. प्रोव्हो या गावी मोठे प्रशिक्षण केंद्र आहे. तरुणांना तिथे काही आठवडे काढावे लागतात, वयस्क जोडप्यांचे शिक्षण साधारण आठवडाभरात आटोपते. तेवढ्या शिदोरीवर ही माणसे दोन बॅगा घेऊन निघतात.

दारोदार फिरून धर्म सांगण्याचे काम सहसा तरुणांकडे असते. वयस्कांकडे कार्यालय, हिशेब, जुन्या दप्तरांची छायाचित्रे घेणे, शिकवणे, मदतकार्य, आणि घरापासून दूर आलेल्या त्या पोरांकडे मायेने लक्ष ठेवणे अशी कामे असतात. यावसाहेब शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. अक्रा शहरात त्यांच्याकडे तरुण मिशनऱ्यांची भाड्याची घरे होती. नळ, पंखे, गाद्या, भाडेपावत्या. तिथले घरमालक एकदोन वर्षांचे भाडे आगाऊ मागतात, त्यामुळे हिशेब मोठा. अबेनाबाई कार्यालयात कागदपत्रे सांभाळत आणि शनिवारी मुलांना पेटीसारखा छोटा पियानो शिकवत. २०२१ च्या ऑक्टोबरात दोघे गेली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे आमच्या आधी महिनाभर, परत आली होती.

मिशनरी म्हटले की आपल्या महाराष्ट्रात काही ठरावीक चित्रे डोळ्यांपुढे येतात. १८१३ साली मुंबईत उतरलेले गॉर्डन हॉल, अहमदनगरला मुलींची शाळा चालवणाऱ्या सिंथिया फॅरार, मिरजेचे डॉक्टर वानलेस. ही माणसे तरुणपणी आली, आपली भाषा शिकली आणि आयुष्याचा मोठा भाग त्यांनी इकडे घालवला. हॉल तर १८२६ साली नाशिककडे पटकीने वारले. आमच्या शेजाऱ्यांची गोष्ट याच्या उलट. ती म्हातारपणी जातात आणि दीडदोन वर्षांत परत येतात. भाषा मुरायला वेळ नाही, चूक सुधारायला आयुष्य नाही. म्हणून रुळण्याचा प्रश्न त्यांच्यापुढे अधिक नेमका उभा राहतो.

एक शंका वाचकांच्या मनात येईल, ती माझ्याही मनात होती. चांगुलपणाच्या आडून हा धर्मप्रसारच नव्हे का? मी अबेनाबाईंना ती स्पष्ट विचारली. त्यांनीही आडपडदा ठेवला नाही. "आम्हांला पाठवणारी संस्था धर्माचीच आहे, आणि आमची श्रद्धा खरी आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या पंथाच्या इतिहासातील बोचणारी गोष्टही त्यांनीच काढली. १९७८ च्या जूनपर्यंत या पंथात कृष्णवर्णीय पुरुषांना पौरोहित्याचा अधिकार नव्हता. तो निर्बंध उठला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पंथाने पश्चिम आफ्रिकेत पहिले मिशनरी पाठवले. ते तरुण नव्हते. दोन उतारवयाची जोडपी होती. रेंडेल आणि रेचेल मेबी हे एक, एडविन आणि जॅनथ कॅनन हे दुसरे. नायजेरिया आणि घानात ती गेली तेव्हा तिथे कोणीतरी त्यांची वाट पाहत होते. घानातील केप कोस्टला जोसेफ विल्यम बिली जॉन्सन यांनी नुसती पुस्तके वाचून, कोणाच्या मान्यतेवाचून, कित्येक वर्षे आपल्या मंडळ्या चालवल्या होत्या. ज्यांना इतकी वर्षे दाराबाहेर ठेवले, त्यांच्याच गावी आता पाहुणे म्हणून राहायचे! त्या बिऱ्हाडाची सुरुवात मान खाली घालूनच करावी लागली असेल, असे अबेनाबाई म्हणाल्या. त्यांची श्रद्धा माझी नाही आणि होणारही नाही. पण हे वाक्य माझ्या लक्षात राहिले.

आता रुळण्याविषयी. परक्या गावी बिऱ्हाड मांडण्याच्या पायऱ्या अबेनाबाईंच्या बोलण्यातून मला जशा उमगल्या, तशा सांगते.

पहिली पायरी घराची, आणि ती सर्वांत सोपी. अक्रात त्यांना दोन खोल्यांचे घर मिळाले. गच्चीवर पाण्याची काळी टाकी, आपल्याकडे असते तशीच. नळाला पाणी येईल त्या दिवशी ती भरून घ्यायची. पिण्याचे पाणी बाटलीचे, नाहीतर अर्ध्या लिटरच्या प्लास्टिकच्या पिशवीतले; पिशवीचा कोपरा दातांनी फाडून पिण्याची कला यावसाहेबांना दोन आठवड्यांनी साधली. वीज जाई. तिकडे तिच्या जाण्यायेण्याला 'दुमसोर' असा खास शब्द आहे, म्हणजे 'विझव-पेटव'. भारनियमनाला इतका नेटका शब्द आपल्याकडे नाही, हे मी भाषेची शिक्षिका म्हणून कबूल करते. जाण्यापूर्वीच पीतज्वराची लस टोचून घ्यावी लागते, तिथे हिवतापाच्या गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. डिसेंबर ते फेब्रुवारी सहारा वाळवंटाकडून 'हरमॅटन' वारा येतो. ओठ फुटतात आणि घरभर बारीक धूळ बसते. हे सगळे महिनाभरात अंगवळणी पडले. "घर लागले, पण आम्ही लागलो नव्हतो," असे त्या म्हणाल्या. आमच्या पहिल्या महिन्याचे याहून नेमके वर्णन मलाही करता आले नसते.

दुसरी पायरी बाजाराची. पहिल्याच दिवशी अबेनाबाई टोमॅटोवालीसमोर उभ्या राहिल्या आणि "कसे दिले?" म्हणून विचारले. तिने मान फिरवली. पुन्हा विचारले, पुन्हा तेच. बरोबर आलेल्या घरच्या पहारेकऱ्याने त्यांना बाजूला नेऊन समजावले की, आधी नमस्कार, मग प्रकृती, मग भाव. नमस्कार न करता भाव विचारणे म्हणजे समोरच्याला माणूस न मानणे. शिवाय पैसे त्यांनी डाव्या हाताने पुढे केले होते. डाव्या हाताचा विटाळ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही, पण अमेरिकनाला तो सत्तराव्या वर्षी शिकावा लागतो. त्या दिवसापासून तो पहारेकरी दोघांचा गुरू झाला. सव्वीस वर्षांचा मुलगा. तो शिकवी आणि ही दोघे वहीत लिहून घेत.

तिसरी पायरी पैशाची, आणि तिच्याविषयी कोणी फारसे बोलत नाही. २०२२ साली घानाचे चलन सेडी कोसळले. वर्षअखेर महागाईचा दर पन्नास टक्क्यांच्या वर गेला. डॉलर बाळगणाऱ्या या दोघांना त्याच पैशात जास्त सेडी मिळू लागले, आणि त्याच वेळी पहारेकऱ्याच्या घरी जेवणाची एक वेळ बंद झाली. घासाघीस करायची तर लाज वाटे, न करावी तर टोमॅटोवाली म्हणे, "हिला माझ्याशी बोलायचे नाही." शेवटी त्यांनी रीत ठरवली. घासाघीस तोंडभर करायची, कारण ते बोलणे आहे. आणि ठरलेल्या भावाने घ्यायचे लागेल त्याहून जास्त. उरलेले पहारेकऱ्याच्या घरी जाई. हा काही न्याय झाला नाही, हेही त्याच म्हणाल्या. परका माणूस कितीही साधा राहिला तरी त्याच्या खिशात परतीचे तिकीट असते, आणि शेजाऱ्यांना ते दिसत असते.

चौथी पायरी नवराबायकोची. ४६ वर्षांच्या संसारात यावसाहेब दिवसा शाळेत आणि बाई आपल्या कामात. अक्रात चोवीस तास एकमेकांसमोर. भाषा अर्धवट कळणारी, तिसरे माणूस नाही, त्यामुळे सगळा राग घरातच निघे. दुसऱ्या महिन्यात एका रात्री वीज गेलेली असताना दोघांनीही, एकमेकांना न सांगता, परतीचा विचार केला होता. दोघांनी ते कबूल केले वर्षभराने. हे ऐकताना यजमान खिडकीबाहेर पाहू लागले. आमच्या खोलीतल्या कॅलेंडरावर तेव्हा बत्तीस फुल्या झाल्या होत्या.

मग रुळलात कधी, असे मी विचारले. अबेनाबाईंनी एक तारीख सांगितली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा थोरला भाऊ आयडाहो राज्यात वारला. दवाखान्यात असतानाच त्याने फोनवर बहिणीचा निरोप घेतला होता. त्या गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक वाजले. काळी वस्त्रे नेसलेल्या पाच बायका प्लॅस्टिकच्या खुर्च्या घेऊन आल्या आणि अंगणात बसल्या. कार्यालयातल्या दोघी, पियानो शिकणाऱ्या एका मुलीची आई, पहारेकऱ्याची मावशी आणि टोमॅटोवाली. कोणी फारसे बोलले नाही. दुपारी एकीने भात आणला. संध्याकाळी खुर्च्या उचलून त्या गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. बाईंच्या देशात माणसे फुले पाठवतात, छापील पत्र पाठवतात. नुसते येऊन बसणे त्यांनी पाहिले नव्हते. मी म्हटले, आमच्याकडे याला समाचाराला येणे म्हणतात. त्यांनी तो शब्द दोनदा म्हणून पाहिला. "तोपर्यंत मी समजत होते की मी इथे काही द्यायला आले आहे," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी मला घ्यावे लागले. नंतर मला ते गाव परके वाटले नाही."

हे ऐकून आले त्या रात्री मला आमच्या दुखण्याचा अर्धा उलगडा झाला. मुलाच्या घरी आम्ही नुसते घेतच होतो आणि अबेनाबाई अक्रात आधी नुसत्या देतच होत्या. दोन्हीकडे ताजवा एकाच बाजूला झुकलेला. नुसते घेणारा पाहुणा राहतो आणि नुसते देणाराही पाहुणाच राहतो. कोणीतरी आपल्यावर विसंबून आहे आणि आपणही कोणावर तरी विसंबून आहोत, या दोन्ही गोष्टी जुळल्या की माणूस त्या गावचा होतो. वय त्याच्या आड येत नाही.

याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतच घडून गेले आहे. जिमी कार्टर १९७७ साली अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या आई लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, 'पीस कोअर' या सरकारी सेवादलातून विक्रोळीला आल्या होत्या. त्या विधवा होत्या, पेशाने परिचारिका. धर्मप्रसाराचा त्यांच्या कामाशी संबंध नव्हता. गोदरेजच्या वसाहतीतील दवाखान्यात त्यांनी काम केले. घरच्यांना लिहिलेली त्यांची पत्रे पुढे १९७७ साली पुस्तकरूपाने निघाली. मुलाच्या प्रशस्त घरात आरामखुर्ची मिळत असताना त्या वयात विक्रोळीच्या दवाखान्यात जावेसे का वाटले असेल, हे मला यूटात बसून कळले.

उलगड्याचा उरलेला अर्धा भाग यजमानांच्या वाट्याला आला. मुलाचे गाव जुन्या वस्तीचे. मॉर्मन लोक १८४७ साली या कोरड्या दरीत आले तेव्हापासून डोंगरावरच्या बर्फाचे पाणी पाटांनी आणून ते वाटून घेण्याची त्यांची पद्धत आहे. आजही जुन्या गावांत परसातल्या बागेला पाटाचे पाणी मिळते, आणि ते पाळीने मिळते. कोणाची पाळी पहाटे तीनला, कोणाची दुपारी. पाळी चुकली तर पुढच्या फेरीपर्यंत थांबा. २०२३ च्या हिवाळ्यात यूटात नोंदी ठेवू लागल्यापासूनचे सर्वांत जास्त बर्फ साठले होते, त्याआधीची वर्षे अवर्षणाची. त्यामुळे त्या उन्हाळ्यात पाट तुडुंब होते. यावसाहेबांचा गुडघा दुखावलेला. जुलैच्या सुरुवातीला ते आमच्या दारात आले आणि यजमानांना म्हणाले, "माझी पाळी रात्री अडीचची आहे. वाकून फळी उचलायला मला जमत नाही. तुम्ही याल का?"

यजमानांनी अडीचला उठून बॅटरी घेतली, पायांत मुलाचे रबरी बूट चढवले आणि ते निघाले. मी मागून गेले. पाटाच्या तोंडाशी लाकडी फळी होती. ती वर घेतली की पाणी बागेकडे वळे. सफरचंदाची झाडे, मका, भोपळ्याचे वेल. यजमानांनी फावडे घेऊन वाफ्यांची तोंडे एकामागून एक उघडली, बुजवली. आपल्याकडे ज्याला दारे धरणे म्हणतात ते काम. इंग्रजी त्यांचे बेताचे, पण पाण्याला भाषा लागत नाही. चार वाजेपर्यंत त्यांनी यावसाहेबांना शेजपाळी कशी असते, पाटकरी काय करतो, कालव्याच्या शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी पोचवण्यासाठी किती भांडणे सोडवावी लागतात, हे सगळे सांगितले. शेपटाकडच्यांचे रडगाणे यूटातही तेच होते. घरी आल्यावर त्यांनी चिखलाचे बूट दाराबाहेर उपडे ठेवले आणि म्हणाले, "पुढची पाळी मंगळवारी आहे." फुल्या मारणे त्या दिवशी थांबले. मी ते बोलून दाखवले नाही.

माझ्यापुरते मी सुनेशी बोलले. सकाळचे स्वयंपाकघर माझे, असे ठरले. शनिवारी नात आणि तिच्या तीन मराठी मैत्रिणींना मी बाराखडी शिकवू लागले. त्यांतली एक 'ळ' म्हणताना हसून खाली पडे. आणि घेण्याचे म्हणाल, तर मी अबेनाबाईंच्या मोटारीत बसून बाजारात जायला शिकले. तोपर्यंत कोणाला त्रास नको म्हणून मी नाही म्हणत असे.

ऑक्टोबरात मुलाने पुन्हा विषय काढला. कायमचे यायला आम्ही नकार दिला, तेव्हा त्याचा चेहरा पडला. "मी तुम्हांला इथे काही कमी पडू दिलं नाही," तो म्हणाला. मी म्हटले, "बाळा, कमी पडू दिलं नाहीस, तिथंच जरा चुकलं." त्याला ते लगेच पटले नाही, अजूनही पुरते पटले आहे असे मला वाटत नाही. त्याने आमची काळजी करणे चूक नाही, आणि आम्ही आपल्या गावाला, आपल्या माणसांना धरून राहणे हेही चूक नाही. तूर्त एक तोड काढली आहे. अधूनमधून उन्हाळ्यात जायचे, तिकडचे पाणी सुटण्याच्या सुमारास, आणि गेल्यावर पाहुण्यासारखे राहायचे नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जण उद्या परदेशी जाल, निदान पुण्यामुंबईला तरी जालच, आणि आईवडिलांना घेऊन जाल. त्यांच्यासाठी खोली सजवाल, औषधे आणून ठेवाल. ते सगळे अवश्य करा. पण त्यांच्याकडून करून घ्यायचे एक खरे काम शिल्लक ठेवा. वेळ घालवायला दिलेले काम त्यांना लगेच ओळखू येते. शेजारी एक तरी दार त्यांच्यासाठी उघडेल असे पाहा, आणि त्या दारातून आत जाण्याचा संकोच त्यांनी सोडावा म्हणून थोडा धीर धरा. माझ्या वयाच्या सहकाऱ्यांना वेगळे काय सांगू? सत्तराव्या वर्षी वही घेऊन सव्वीस वर्षांच्या मुलाकडून नमस्कार शिकणारी माणसे मी पाहिली आहेत.

अबेनाबाईंचे पत्र परवाच आले. यावसाहेबांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. प्रकृतीने साथ दिली तर पुन्हा एकदा अर्ज करायचा विचार आहे, कुठे पाठवतील ते ठाऊक नाही. टोमॅटोवालीचा फोन अधूनमधून येतो. पत्राच्या शेवटी यावसाहेबांनी आपल्या हाताने एक ओळ लिहिली आहे. यंदा पाटाला पाणी १५ एप्रिलला सुटणार आहे. यजमानांनी कॅलेंडरात ती तारीख गोल करून ठेवली आहे.